वंशवृक्षात न मावणारी नाती : सांगलीतील एका वंशावळ-सेवेचे परीक्षण

सांगलीच्या विश्रामबाग परिसरात घराण्याची वंशावळ शोधून, तपासून आणि मोठ्या तक्त्यावर छापून देणारे एक छोटे कार्यालय आहे. पती-पत्नी मिळून ते चालवतात. गावोगावी जाऊन मुलाखती घेणारी एक तरुण मुलगी, मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ आणि संगणकावर आखणी करणारा एक मुलगा एवढेच त्यांचे मनुष्यबळ आहे. आमच्या घराण्याचा तक्ता आम्ही त्यांच्याकडून करून घेतला. आमचे मूळ गाव वाळवा तालुक्यातले, एक शाखा साताऱ्यात, एक विट्याला, आणि पुढची पिढी पुण्यामुंबईपासून थेट शिलाँगपर्यंत पसरलेली आहे. कार्यालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या उणिवांविषयी मुख्यतः लिहायचे आहे त्या एकट्या या कार्यालयाच्या नाहीत. वंशावळ आखण्यासाठी बाजारात जी संगणकीय साधने मिळतात त्यांच्या मुळाशीच त्या आहेत, आणि अशी सेवा घेणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला त्यांची गाठ पडणारच आहे.

आपल्याकडे वंशावळ म्हटले की अलीकडे पहिल्यांदा आठवतो तो जातीच्या दाखल्याचा अर्ज. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने फेरफार आणि शाळेचे निर्गम उतारे यांना एकाएकी मोल आले. परंतु महसुली कामासाठी लागणारी वंशावळ ही फार अरुंद गोष्ट असते. अर्जदार, त्याचे वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी पुरुषांची एक सरळ ओळ प्रतिज्ञापत्रावर लिहिली की तिचे काम संपते. या कार्यालयाचा दावा त्याहून मोठा आहे. दोन्ही बाजूंची, म्हणजे भावकीची आणि सोयऱ्यांची, माहेरची आणि सासरची, अशी सगळी नाती एका तक्त्यावर आणून देऊ, असे ते सांगतात आणि त्याबरोबर जगातील निरनिराळ्या समाजांत नाती कशी मोजली जातात याची माहिती देणारी एक पुस्तिकाही देतात. हा दावा किती खरा ठरतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम त्यांच्या मुलाखतींविषयी लिहायला हवे, कारण या सेवेतला सर्वांत उत्तम भाग तोच आहे. आमच्या गावातल्या घराच्या सोप्यात बसून त्या मुलीने आमच्या थोरल्या चुलतीशी जे बोलणे केले ते मी शेजारी बसून ऐकले. एका जुन्या माणसाचे नाव निघाल्यावर तिने विचारले, "आजी, त्यांना तुम्ही काय म्हणायचा?" चुलती म्हणाली, "मामंजी." दुसरी कोणी असती तर तिने ताबडतोब सासऱ्याच्या जागी ते नाव लिहून टाकले असते. या मुलीने मात्र पुढे विचारले, "मग त्यांच्या पोटची पोरं कोण कोण?" त्यावर चुलतीने जी नावे सांगितली त्यांत तिच्या नवऱ्याचे नाव नव्हते. ते गृहस्थ सासरे नव्हेत, चुलत सासरे होते, आणि घरातल्या सुना दोघांनाही मामंजीच म्हणत असत. हाक मारण्याचे नाव एका रकान्यात आणि प्रत्यक्ष जन्माचे नाते दुसऱ्या रकान्यात, अशी तिची वही होती.

ही पद्धत आज साधी वाटत असली तरी मानवशास्त्राला ती सापडायला वेळ लागला. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे इंग्रज अभ्यासक १८९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेले, तेव्हा तिथल्या लोकांची नाती विचारताना त्यांनी बाप, आई, मूल, नवरा आणि बायको एवढेच मोजके शब्द वापरायचे असे ठरवले. बाकीची नाती त्यांतूनच उलगडतात, आणि विचारणाऱ्याच्या भाषेतली नाती सांगणाऱ्याच्या तोंडी घातली जात नाहीत. आमच्या भागात ही कला वेगळ्या वाटेने फार पूर्वीपासून आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात सुगीनंतर दारी येणारे हेळवी घराण्याची नावे पिढ्यान्‌पिढ्या राखत आले आहेत आणि त्याबद्दल धान्य, कापड व पैसे घेत आले आहेत. या कार्यालयाने आमच्या गावच्या हेळव्याची वही पाहण्याचा आग्रह धरला आणि तिच्यातून दोन पिढ्यांची नावे जुळवून घेतली, ही गोष्ट मला विशेष वाटते. हेळव्याच्या वहीत कूळ आणि गाव पक्के असते, तर बायकांच्या बोलण्यात माहेरे पक्की असतात. घरातली एखादी सून नावाने कोणाला आठवत नसली तरी ती "मायणीची" किंवा "औंधाची" होती हे सर्वांना आठवते. या माहितीचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला आणि प्रत्येक सुनेच्या नावाखाली तिचे माहेरचे गाव व आडनाव छापले. महसुली वंशावळीत जिला जागाच नसते तिला येथे पूर्ण ओळख मिळाली. हे काम किती कष्टाचे आहे हे ज्याने केले असेल त्यालाच कळेल.

येथवर सेवा उत्तम आहे. अडचण सुरू होते ती वहीतली माहिती संगणकात गेल्यावर.

आमच्या आजोबांचे लग्न त्यांच्या सख्ख्या मामाच्या मुलीशी झाले होते. त्या पिढीत सातारा-सांगली भागातल्या मराठा-कुणबी घरांत यात काही नवल नव्हते. भावाची मुलगी सून म्हणून आणणे हा बहिणीचा हक्कच मानला जाई. म्हणजे माझी आजी एका बाजूने आजोबांची पत्नी, दुसऱ्या बाजूने त्यांची मामेबहीण, आणि तिच्या सासूची ती भाची. तक्त्यावर हे कसे यावे? आलेल्या पहिल्या प्रतीत आजी दोनदा छापली गेली होती. एकदा उजवीकडे तिच्या वडिलांच्या फांदीवर आणि एकदा डावीकडे आजोबांच्या शेजारी, जणू त्या दोन वेगळ्या बायका होत्या. आखणी करणाऱ्या मुलाला विचारले तेव्हा त्याने प्रांजळपणे सांगितले की या साधनात फांद्या फक्त फुटू शकतात, पुन्हा एकत्र येऊ शकत नाहीत.

या एका वाक्यात संपूर्ण प्रश्न आहे. वंशवृक्ष ही कल्पनाच अशी आहे की एका मूळ पुरुषापासून फांद्या निघतात आणि एकमेकींपासून दूर दूर जातात. ज्या समाजात जवळच्या नात्यात लग्न होत नाही तेथे हे चित्र काही पिढ्यांपुरते चालून जाते. परंतु जगातल्या कितीतरी समाजांत, आणि आपल्या समाजात तर निश्चितच, फांद्या पुन्हा पुन्हा एकमेकींत मिळतात, आणि त्या कोणत्या मिळू शकतात व कोणत्या मिळू शकत नाहीत हाच तिथल्या नातेव्यवस्थेचा गाभा असतो. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेव्यवस्थेच्या अभ्यासात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावर ठेवले आहे. उत्तरेत आईवडिलांकडच्या जवळच्या नात्यांत लग्न निषिद्ध असते. दक्षिणेत मामाची मुलगी, आतेची मुलगी आणि अनेक जातींत मोठ्या बहिणीची मुलगीसुद्धा वधू म्हणून योग्य मानली जाते. मराठी समाजातील अनेक जातींनी यातला मधला मार्ग धरला आहे: मामाची मुलगी चालते, आतेची मुलगी सहसा चालत नाही, आणि चुलत व मावस बहीण ही तर सख्ख्या बहिणीसारखीच. मिरजेच्या पुढे सीमा ओलांडून कर्नाटकात गेले की मामा-भाचीचे लग्नही मान्य असलेली घरे भेटतात. एकाच जिल्ह्याच्या आसपास दोन नातेव्यवस्था एकमेकींना खेटून नांदतात, हे आपल्याला रोजच्या परिचयामुळे जाणवत नाही.

सुना सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणतात ते यामुळेच. मामाच्या मुलीशी लग्न झाले की त्या मुलीची सासू ही तिची आत्याच असते. लग्न नात्याबाहेर झाले तरी हाक तीच राहिली. त्याचप्रमाणे पुरुषाला बहिणीची मुले भाचे आणि भावाची मुले पुतणे असतात, तर बाईला भावाची मुले भाचे असतात. बहीण-भाऊ अशा उलट्या जोडीतून आलेली मुले एका वर्गात आणि भाऊ-भाऊ यांची मुले दुसऱ्या वर्गात, ही विभागणी आपल्या बोलण्यात खोलवर रुजलेली आहे. आणि नेमकी हीच विभागणी त्या तक्त्यातून पुसली गेली. साधनाच्या यादीत चुलत, मामे, आते, मावस अशा सर्व भावंडांसाठी एकच शब्द होता आणि त्याचे मराठीकरण करताना कोणीतरी सरसकट "चुलत भाऊ" असे ठेवले होते. परिणामी माझा सख्खा मामेभाऊ तक्त्यावर चुलत भाऊ म्हणून आला. हा छपाईचा किरकोळ दोष नव्हे. चुलत भाऊ भावकीत येतो, त्याचे कूळ आणि देवक आपलेच असते, घरातल्या मृत्यूचे सुतक त्याला असते, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपात त्याच्या शाखेचे नाव असते, आणि त्याच्या बहिणीशी लग्न अशक्य असते. मामेभाऊ सोयऱ्यांत मोडतो, आणि वरच्यांपैकी एकही गोष्ट त्याला लागू नाही. एका शब्दाने माणूस भावकीत ढकलला गेला, तर तक्ता वाचणारी पुढची पिढी घराण्याचा इतिहासच चुकीचा वाचेल.

कायद्यानेही ही बाब रूढीवर सोपवलेली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ-बहिणीची मुले, दोन भावांची मुले आणि दोन बहिणींची मुले यांच्यातील विवाह निषिद्ध नात्यांत येतो, आणि सपिंडतेची, म्हणजे लग्नाला वर्ज्य अशा रक्ताच्या नात्याची, मर्यादा वडिलांकडून पाच व आईकडून तीन पिढ्यांपर्यंत जाते. मात्र दोघांच्या समाजात तशी रूढी असेल तर विवाह वैध ठरतो. अशी रूढी होती हे दाखवण्याचा वंशावळ हाही एक आधार असतो, आणि एकच बाई दोन ठिकाणी छापणारा तक्ता तो आधार देऊ शकत नाही. वैद्यकीय दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. दोन्ही पालकांकडून एकच सदोष जनुक आल्यावर होणारे आजार रक्ताच्या नात्यातील लग्नांत अधिक संभवतात, म्हणून आनुवंशिकतेचा सल्ला देणारे डॉक्टर वंशावळ काढताना अशा जोडप्याला एका रेघेऐवजी दुहेरी रेघेने जोडतात. आम्ही हा संकेत सुचवल्यावर कार्यालयाने तो मोकळेपणाने स्वीकारला. दुसऱ्या प्रतीत आजी एकदाच आली, तिच्या माहेरची ओळ हाताने वळवून आजोबांपर्यंत आणली गेली आणि दोघांमध्ये दुहेरी रेघ आली. ही आखणी संगणकाने नव्हे, त्या मुलाने बसून केली, आणि त्यासाठी जादा पैसे मागितले नाहीत.

आता पुस्तिकेविषयी. चांगल्या कागदावर छापलेली, वाचनीय भाषेतली ही पुस्तिका आहे आणि तिच्यातला बराचसा भाग अचूक आहे. अमेरिकेतील रॉचेस्टरचे वकील ल्यूइस हेन्री मॉर्गन यांनी धर्मप्रसारक आणि वकिलातींमार्फत जगभर प्रश्नावल्या पाठवून नात्यांचे शब्द गोळा केले आणि १८७१ मध्ये ते प्रसिद्ध केले, येथून पुस्तिका सुरू होते. न्यूयॉर्क भागातील सेनेका लोक वडिलांच्या भावाला वडील आणि आईच्या बहिणीला आईच म्हणतात, पण आईच्या भावासाठी आणि वडिलांच्या बहिणीसाठी वेगळे शब्द ठेवतात, आणि तमिळ भाषेतही नेमकी अशीच रचना आहे, हे पाहून मॉर्गन चकित झाले होते. यावरून अमेरिकेचे मूळ रहिवासी आशियातून आले असा निष्कर्ष त्यांनी काढला. नात्याच्या शब्दांवरून वंश सिद्ध होत नाही हे पुढे स्पष्ट झाले, पण दोन इतक्या दूरच्या समाजांत सारखीच रचना उभी राहू शकते ही त्यांची नोंद टिकली. पुस्तिकेने हे दोन्ही सांगितले आहे, याबद्दल तिला दाद द्यायला हवी.

त्यानंतर अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी १९४९ मध्ये मांडलेले नातेशब्दांचे सहा प्रकार येतात. हवाई बेटांवर आईवडील आणि त्यांची सगळी भावंडे एका वर्गात, व त्यांची सगळी मुले भावंडे. एस्किमो आणि इंग्रज यांच्याकडे आईवडील वेगळे, पण काका-मामा एकच. सुदानी प्रकारात प्रत्येकाला वेगळा शब्द. इरोक्वाय प्रकारात वर सांगितलेली सेनेका लोकांची रचना. आणि क्रो व ओमाहा या दोन प्रकारांत तर पिढीची रेघही ओलांडली जाते. ओमाहा लोकांत मामाचा मुलगा हा मामाच आणि मामाची मुलगी ही आईच मानली जाते, कारण आईच्या माहेरचे सगळे घराणे एकाच नात्याने ओळखायचे असते. क्रो लोकांत याच्या उलट वडिलांच्या मातृकुळाला तसा मान आहे. पुस्तिकेत हे सहा चौकटींत मांडले आहे आणि मराठीला सुदानी चौकटीत टाकले आहे, कारण आपल्याकडे चुलत, मामे, आते आणि मावस असे चार निराळे शब्द आहेत. येथे माझा मतभेद आहे. शब्द मोजले तर मराठी सुदानी प्रकारात बसते. परंतु त्या चारही शब्दांपुढे आपण भाऊ किंवा बहीण जोडतो आणि प्रत्यक्ष हाक मारताना दादा, ताई एवढेच म्हणतो, हे वागणे हवाई प्रकाराजवळचे आहे. आणि लग्न जुळवताना आपण मामेबहिणीला वेगळी काढतो, हे द्राविडी पद्धतीजवळचे आहे. एखाद्या समाजाला एका चौकटीत बसवण्याची घाई केली की तिथली खरी व्यवस्था दिसेनाशी होते. मर्डॉक यांच्या चौकटी तुलनेसाठी उपयोगी आहेत, घराण्याचा तक्ता आखण्यासाठी नाहीत.

पुस्तिकेतली मोठी चूक मात्र निराळी आहे. मेघालयातील खासी, केरळमधील नायर आणि चीनच्या युन्नान-सिचुआन सीमेवर लुगू तलावाभोवती राहणारे मोसुओ या तिन्ही समाजांना तिने "स्त्रियांची सत्ता असलेले समाज" म्हटले आहे. वंश आईकडून मोजणे आणि सत्ता स्त्रीच्या हाती असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नायरांच्या तरवाडात, म्हणजे एकत्र कुटुंबात, मुले आईच्या घराण्याची असत, परंतु कारभार कारणवराकडे, म्हणजे घरातल्या सर्वांत थोरल्या मामाकडे असे. केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबपद्धतीच रद्द केली, तेव्हा ही व्यवस्था कायद्याने संपली. मोसुओंमध्ये पुरुष रात्री प्रेयसीच्या घरी जातो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परततो, आणि बहिणीची मुले सांभाळतो. खासी समाजात मूल आईच्या कुळाचे, त्या एका कुळात लग्न कडक निषिद्ध, आणि वडिलोपार्जित घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते; तरीही कुळाच्या निर्णयांत मामाचा शब्द मोठा असतो. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पाहिले की वारसा मामाकडून भाच्याकडे जातो आणि पुरुष आपल्या शेतातले उत्तम याम कंद बहिणीच्या घरी पोहोचवतो, पण मुलांशी मायेचे व मोकळेपणाचे नाते बापाचेच असते. आपल्याकडे मामा म्हणजे माया आणि बाप म्हणजे धाक, तिथे ते बहुतांशी उलटे आहे.

खासींचा उल्लेख माझ्यासाठी केवळ वाचलेला नाही. माझ्या आतेबहिणीच्या मुलाने शिलाँगच्या खासी मुलीशी लग्न केले आहे आणि त्यांना एक मुलगी आहे. आपल्या रीतीने ती मुलगी तिच्या बापाच्या कुळाची आणि आडनावाची. आईच्या रीतीने ती आईच्या कुळाची, आणि १९९७ च्या खासी वंशपरंपरेच्या कायद्यातही हाच मातृवंश आधाराला आहे. दोन्ही घराणी तिला मनापासून आपली म्हणतात. तक्त्याच्या साधनात मात्र प्रत्येक व्यक्तीला एकच घराणे देता येते, आणि ते आपोआप वडिलांचे घेतले जाते. तिचे कूळ तळटिपेत लिहून देऊ, असे कार्यालय म्हणाले. आम्ही ते मान्य केले नाही. शेवटी तिच्या नावाखाली दोन ओळींत दोन्ही कुळे छापली गेली, आणि तिच्या आजोळच्या मंडळींना तक्ता पाठवला तेव्हा त्यांनी सर्वांत आधी तीच जागा पाहिली.

दत्तकाच्या बाबतीतही हाच अडसर आला. आमच्या साताऱ्याच्या शाखेत दोन पिढ्यांपूर्वी मुलीकडचा नातू दत्तक घेतला गेला होता. साधनात आईवडिलांची एकच जोडी लिहिता येते. १९५६ च्या दत्तक कायद्याने दत्तक मूल सर्व बाबतींत नव्या घराचे होते, परंतु जन्मघराण्यात ज्याच्याशी त्याचे लग्न होऊ शकले नसते त्याच्याशी ते पुढेही होऊ शकत नाही; म्हणजे कायदाही जन्माची ओळ पूर्णपणे पुसत नाही. साताऱ्यात राहणाऱ्याला तर दत्तकाचे महत्त्व सांगायलाच नको. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि सातारचे राज्य खालसा केले. आपल्या शास्त्राने जो मुलगा होता तो कंपनीच्या हिशेबात वारस नव्हता. मुलगा कोणाला म्हणावे या एका प्रश्नावर राज्य गेले. म्हणून तक्त्यावर दत्तकाला तुटक रेघ देऊन दुय्यम दाखवण्याला मी विरोध केला. जन्मघराण्याकडे तुटक आणि दत्तकघराण्याकडे अखंड रेघ, असा तोडगा निघाला आणि तो मला योग्य वाटतो.

बाप कोण हे जन्मावरून ठरत नाही, असे समाज जगात पुष्कळ आहेत. निलगिरीच्या तोडा लोकांत पूर्वी अनेक भावांची एक पत्नी असे, आणि गर्भारपणात जो भाऊ तिला धनुष्यबाण देण्याचा विधी करी तो मुलाचा बाप ठरे. दक्षिण सुदानमधील नुएर लोकांत मुलाबाळांवाचून मेलेल्या माणसाच्या नावाने त्याचा भाऊ लग्न लावतो आणि होणारी मुले मृताची म्हणून मोजली जातात. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. धृतराष्ट्र आणि पंडू व्यासांपासून झाले, पण आपण त्यांना विचित्रवीर्याचेच पुत्र मानत आलो. इस्लामी परंपरेत तर दुधाचेही नाते असते. दोन वर्षांच्या आत ज्या बाईचे दूध मूल प्यायले तिची मुले त्याची भावंडे होतात आणि त्यांच्यात लग्न होऊ शकत नाही, जरी सख्ख्या चुलत भावंडांत ते होऊ शकते. मिरजेतील एका मुस्लिम कुटुंबाचा तक्ता हे कार्यालय तेव्हा करत होते, आणि त्या घरातल्या दूधभावंडांना जोडायला साधनात कोणतीच रेघ नव्हती. पुस्तिकेत या नात्याचा उल्लेखही नाही. सांगली-मिरजेत बसून नातेपद्धतींवर लिहिताना ही उणीव राहायला नको होती.

व्याही, विहीण, साडू, जाऊ, नणंद ही नाती साधनात नाहीतच, म्हणून ती सगळी कडेला वेगळ्या यादीत दिली आहेत. ती यादी सुबक आहे. छपाई, शाई आणि कागद यांविषयी तक्रार नाही. तक्ता घराच्या सोप्यात लावण्याइतका मोठा आहे, अक्षरे म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय वाचता येतात आणि मोडी कागदांवरून घेतलेली नावे शुद्ध आहेत. दराच्या मानाने, मुलाखतींचे कष्ट धरता, सेवा महाग नाही.

ज्यांना केवळ दाखल्यासाठी पुरुषांची ओळ हवी आहे त्यांनी तलाठी कार्यालयातले उतारे काढावेत, एवढ्यासाठी येथे येण्याची गरज नाही. ज्यांना सोयऱ्यांसह पूर्ण चित्र हवे आहे त्यांनी या कार्यालयाकडे जरूर जावे, मात्र काम सोपवतानाच काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. चुलत, मामे, आते, मावस हे शब्द जसेच्या तसे छापले जातील. नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ येईल आणि एक माणूस एकदाच दिसेल. दत्तकाच्या दोन्ही ओळी राहतील. आणि ज्या मुलांची आई दुसऱ्या रीतीच्या समाजातली आहे त्यांची दोन्ही कुळे नावाखालीच येतील. कच्ची प्रत आली की ती आधी घरातल्या सुनांना आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींना वाचायला द्यावी, कारण आमच्या तक्त्यातल्या दुरुस्त्यांपैकी बहुतेक त्यांनीच सुचवल्या. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आणि त्या मुलीची दोन रकान्यांची टिपणे कार्यालय स्वतःहून देत नाही, मागितली तर देते. ती अवश्य मागून घ्यावीत.